त्याने न लिहिलेला हशा

“इथे लोक का हसले?”

पडदा नुकताच पडला होता. चेहऱ्यावरचा रंग तसाच, अंबाडा अर्धा सुटलेला, आणि हा सहा फुटी अमेरिकन माझ्या मेकअपच्या खोलीच्या दारात नाटकाची संहिता उघडून उभा. त्याचं बोट दुसऱ्या अंकाच्या शेवटच्या पानावर होतं.

“कुठे?” मी विचारलं. कुठे ते मला पक्कं ठाऊक होतं.

“तू बॅग भरतेस तिथे. मी तिथे विनोद लिहिलेला नाही, ललिता. अख्ख्या नाटकात मी एकाच जागी शांतता लिहिली आहे, ती तिथे. आणि आज नेमकं तिथेच लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. नंदू काहीतरी जास्तीचं बोलला. काय बोलला?”

लेनर्ड क्रान्झला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण हशा कळत होता. न्यूयॉर्कमध्ये तो विनोदी नाटकं लिहायचा आणि स्वतःच बसवायचा. एका सांस्कृतिक संस्थेने त्याला मुंबईला बोलावलं, त्याच्या जुन्या गाजलेल्या नाटकाचं मराठी मी केलं, आणि ते त्याने इथे येऊन मराठी नटांना घेऊन बसवलं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि नाटकांत कामं करायची. त्यामुळे नाटकातली बायकोही मी आणि साहेबाचा दुभाषाही मीच. तेव्हा मी त्याला अहो-जाहो करायची. आता करत नाही.

“सांग ना,” तो म्हणाला.

मी टॉवेलने चेहरा पुसत राहिले. मराठी नाटकात एक रिवाज आहे. नट चालू प्रयोगात पदरचं वाक्य टाकतो, त्याला आम्ही ‘ॲडिशन’ म्हणतो. वाक्याला हशा आला की ते उद्याही येतं, परवाही येतं, आणि महिन्याभरात ते नाटकाचंच होऊन बसतं. नाटकात माझा नवरा झालेला नंदू खोपकर तर ॲडिशनचा बादशहा. त्याच्या नावावर तिकिटं जायची. तालमीत क्रान्झने त्याला एक शब्द इकडचा तिकडे करू दिला नव्हता, करारातच तसं कलम घातलं होतं. पण शुभारंभ झाला, क्रान्झ राजस्थान बघायला गेला, आणि तो आज परतेपर्यंत नंदूला मोकळं रान मिळालं.

“नाटकातली नाही, ती माझी गोष्ट आहे,” मी शेवटी म्हणाले. “माझ्या नवऱ्याची.”

मग मला ते सगळं सांगावं लागलं, इंग्रजीत, नीट वाक्यं करून. आठ वर्षांपूर्वी मी दौऱ्यावरून घरी आले तेव्हा माझी बॅग दाराबाहेर जिन्यात ठेवलेली होती. बॅगेवर माझी चार वर्षांची मुलगी बसली होती आणि दाराला आतून कडी होती. शेजारचे सगळे दारं किलकिली करून बघत होते. एका सिनेसाप्ताहिकाने ते चवीचवीने छापलं. आणि आता त्या दृश्यात, मी बॅग भरत असताना, नंदू खोपकर प्रेक्षकांकडे बघून म्हणायचा, “भर, भर, बॅग भर! तुला काय नवीन आहे? पहिल्याने तर बॅगेवर पोरगी बसवून आतून कडी घातली होती!”

नाटकातल्या बाईला पहिला-दुसरा नवरा नव्हताच. त्यामुळे तो कोणाबद्दल बोलतोय हे पहिल्या रांगेपासून बाल्कनीपर्यंत सगळ्यांना कळायचं.

क्रान्झने शांतपणे ऐकलं. आणि तो हसला. फस्सकन, नाकातून. लगेच तोंडावर हात धरला, “सॉरी, सॉरी” म्हणाला, पण हसला तो हसलाच.

“मी नंदूदांना सांगून थकले,” मी म्हणाले. “ते म्हणतात, लोकांना माहीतच आहे, त्यात काय. शिवलकरांना सांगितलं.” शिवलकर म्हणजे आमचा निर्माता. “ते म्हणतात, बाई, बाहेर हाउसफुलचा बोर्ड बघा. आता तुम्हीच राहिलात. नाटक तुमचं, करार तुमचा. तुम्ही ‘काढा’ म्हणालात की त्यांना काढावंच लागेल.”

“हं,” तो म्हणाला.

“रविवारी सांगलीला प्रयोग आहे. माझी मुलगी तिथे असते, आईपाशी. चारुता. बारा वर्षांची आहे. मैत्रिणींना घेऊन येणार आहे. शाळेत तिने सांगितलंय, बाबा नैरोबीला नोकरी करतात. आईनेही सगळीकडे तेच सांगितलंय. ते वाक्य सांगलीत आलं तर त्या पोरीला सोमवारपासून शाळेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. रविवारच्या आत ते निघालं पाहिजे.”

“हं,” तो पुन्हा म्हणाला. मग संहिता मिटून म्हणाला, “पण काय हशा होता तो! भिंती हलल्या.”

मी हातातला टॉवेल आरशावर फेकून मारला.

शनिवारी सकाळी आमची बस निघाली. नेपथ्याचा टेम्पो पुढे गेला होता. दुभाषी म्हणून मला क्रान्झच्या शेजारची जागा कायमची ठरलेली. नंदू मागे पत्ते कुटत होता. त्याचं प्रत्येक हसणं माझ्या मानेवर येऊन पडत होतं.

साताऱ्याच्या पुढे बस एका हॉटेलापाशी थांबली. सगळे मिसळीवर तुटून पडले. क्रान्झ तिखटाला घाबरून नुसता चहा घेऊन बाहेरच्या बाकावर बसला. मी समोर जाऊन उभी राहिले.

“तुम्ही काही ठरवलंत का?”

“बस,” तो म्हणाला. “तुला माझ्या पहिल्या नाटकाबद्दल सांगितलंय का मी?”

त्याने सांगितलं नव्हतं, पण मला वाचून ठाऊक होतं. त्याच्यावर लिहिणारा प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. ब्रुकलिनमधलं शिंप्याचं घर. बाप दर दोन-तीन वर्षांनी घर सोडून जायचा आणि थंडी पडली की परत यायचा. आई त्याचे कपडे रागाने खिडकीतून खाली फेकायची आणि मग शेजाऱ्यांनी बघायच्या आत स्वतःच धावत जाऊन गोळा करून आणायची. क्रान्झ रेडिओवर विनोद लिहून पोट भरत होता, त्या वयात त्याने हे लिहून काढलं. कपडे फेकणं, गोळा करणं, शेजारी, सगळं. नाटक दोन वर्षं चाललं. त्यानंतर तीन बायका झाल्या आणि प्रत्येकीवर एक-एक नाटक झालं.

“माझी आई पहिल्या प्रयोगाला पहिल्या रांगेत बसली होती,” तो म्हणाला. “मी घाबरून मागे उभा. कपड्यांचा प्रवेश आला आणि ललिता, अख्ख्या थिएटरात सगळ्यात मोठ्याने ती हसली! त्या दिवशी मला कळलं, हसलं की दुखणं संपतं. माझ्या सगळ्या आयुष्याचा पाया म्हणजे तो हशा आहे. तूही हसून बघ. त्या वाक्याची धार जाईल.”

“तुम्ही तिला विचारलंत?”

“काय?”

“की का हसलीस.”

“हसणाऱ्या माणसाला कोणी विचारतं का?”

“मीसुद्धा रोज हसते,” मी म्हणाले. “नंदू ते वाक्य बोलतो तेव्हा मी प्रेक्षकांकडे पाठ करून हसते. खांदे हलवून. शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटतं, बाईंनी काय खेळकरपणे घेतलं! कारण मी हसले नाही तर लोकांना कळेल की लागलं. तुमच्या आईशेजारी त्या दिवशी कोण बसलं होतं?”

त्याने कप तोंडाशी नेला आणि न पिताच खाली ठेवला.

“शेजारणी,” तो म्हणाला. “आमच्या इमारतीतल्या. मीच तिकिटं दिली होती.”

बसचा हॉर्न वाजला. उठताना तो म्हणाला, “माझी मागची तीन नाटकं पडली, तुला माहीत आहे. तिकडे आता माझ्या विनोदांना कोणी हसत नाही. कालचा तो हशा ऐकला आणि मला वाटलं, अजून आपण मेलो नाही. असं नाटककाराला वाटतं. पण ठीक आहे. उद्या नोट्स देताना मी नंदूला सांगतो.”

“नक्की?”

“नक्की. शब्द दिला.”

मूर्खासारखी मी त्या शब्दावर सांगलीपर्यंत शांत झोपले.

नोट्स देणं ही त्याची पद्धत होती. प्रयोगाच्या दिवशी सकाळी सगळ्या नटांना रंगमंचावर गोल करून बसवायचं आणि मागच्या प्रयोगातल्या चुका एकेक करून सांगायच्या. कुणी लवकर वळलं, कुणी वाक्य गिळलं. आमच्याकडे प्रयोग सुरू झाल्यावर दिग्दर्शक चहापुरता उगवतो, त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांना याचं कौतुक होतं, नंतर कंटाळा आला. तो इंग्रजीत सांगायचा आणि मी उभी राहून मराठीत.

रविवारी सकाळी आम्ही तसेच बसलो. शिवलकर खुर्ची ओढून एका बाजूला. क्रान्झने दोन-चार बारीकसारीक गोष्टी सांगितल्या, मी त्या पोचवल्या. मग तो नंदूकडे वळला.

“नंदू, दुसऱ्या अंकाचा शेवट. ते बॅगेचं वाक्य.”

नंदू सावध झाला. “यस सर.”

क्रान्झने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बॅगेकडे पाहिलं. ती प्रयोगाची बॅग तिथेच पलंगावर पडलेली होती. त्याच्या तोंडावर कसलातरी हिशेब उमटला, तालमीत उमटायचा तसा.

“ते तू घाईत बोलतोस,” तो म्हणाला. “ती बॅगेची कडी लावत असतानाच बोलून टाकतोस, म्हणून अर्धा हशा वाया जातो. तिला कडी लावू दे. कडीचा आवाज होऊ दे. मग थांब. लोकांना वाटलं पाहिजे की आता तुझ्याकडे शब्दच उरले नाहीत. आणि मग बोल, हळू, तिच्याकडे न बघता.”

एवढं बोलून तो माझ्याकडे वळला. सगळे वळले. मी पोचवायचं होतं.

माझ्यावरचा विनोद आणखी चांगला कसा करावा, ते मी माझ्याच तोंडाने समजावून सांगायचं होतं.

“साहेब म्हणतात,” मी म्हणाले, “ते वाक्य काढून टाका. करारात बसत नाही.”

नंदूने डोळे बारीक केले. “एवढं लांबण लावलं त्याने आणि तू एवढंच सांगतेस?”

“अर्थ तोच आहे.”

“थांब हं.” नंदूने दोन बोटांची कात्री करून क्रान्झपुढे चालवली. “सर, कट? डायलॉग कट?”

“नो, नो!” क्रान्झने घाईघाईने हात हलवले. “नॉट कट! वेट!” आणि चौकातल्या पोलिसासारखा तळहात पुढे धरला. “वेट. देन स्पीक.”

नंदूने मांडीवर थाप मारली. “अरे वा रे दुभाषी! साहेबाच्या नावावर आपलंच खपवतेस होय? आता हीच ॲडिशन घ्यायला लागली, बघा!”

सगळे खो खो हसले. शिवलकर हसला. ज्या पोरी माझ्या खोलीत बसून माझ्याशी सुखदुःखाचं बोलायच्या, त्याही हसल्या. क्रान्झलाही वाटलं काहीतरी गंमत झाली, म्हणून तोही हसला.

मी नंदूसमोर गेले. “नंदूदा, माझी मुलगी येणार आहे आज. तिच्या मैत्रिणी येणार आहेत. एवढा एक प्रयोग सोडा.”

“अगं, कलाकाराची पोरं ही. त्यांना सवय पाहिजे,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, हे सांगायलाच हवं, आणि त्यामुळे तर माझं डोकं अधिक फिरलं. “आणि आता साहेबाने डिरेक्शनच दिलंय. मी कोण बदलणारा?”

सगळे उठल्यावर मी क्रान्झचा दंड धरला. “तुम्ही शब्द दिला होता.”

“मी काढायलाच निघालो होतो,” तो म्हणाला. आणि त्याचा चेहरा खरोखरच गोंधळलेला होता. “तोंडातून दुसरंच आलं. काय करू, ललिता? तो हशा असा सांडत होता, मला बघवेना.”

“तुमची आई बरी, मरून तुमच्या तावडीतून सुटली,” मी म्हणाले. असं कोणाला बोलू नये. मी बोलले.

चारचा प्रयोग. थिएटर गच्च भरलेलं. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं: तिसऱ्या रांगेत आई, शेजारी चारुता, आणि तिच्या दोन्ही बाजूंना वेण्या घातलेल्या चार-पाच पोरी. चारुता बोट दाखवून त्यांना काहीतरी समजावत होती. नव्या फ्रॉकमध्ये होती आणि मान ताठ होती. आईचं नाटक आणलं होतं ना तिने सांगलीत!

पहिला अंक मी कसा केला ते मला आठवत नाही. दुसरा झरझर पुढे सरकला. भांडण झालं, मी बॅग काढली, साड्या कोंबल्या, झाकण लावलं. कडी लावली. खट् असा आवाज झाला.

नंदू काही बोलला नाही.

मी थांबले. नंदू खाली बघत होता, ओठ मिटलेले. थिएटरात सुई पडलेलीसुद्धा ऐकू आली असती. आणि मला वाटलं, सोडलं याने वाक्य. शेवटी माणूसच आहे, पोरीचं नाव ऐकून विरघळला. माझ्या छातीतून मोठा श्वास सुटला. देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला नंदू खोपकरच्या पाया पडावंसं वाटलं.

मग तो बोलला. हळू. माझ्याकडे न बघता.

आणि असा हशा मी माझ्या उभ्या आयुष्यात ऐकला नाही. आधी एक हुंकारासारखा आवाज, मग लाट, मग टाळ्या, शिट्ट्या, खुर्च्यांचे हात बडवणं. संपेना. क्रान्झचं बरोबर होतं. अर्धा हशा खरंच वाया जात होता.

मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. आई मान खाली घालून पदराशी चाळा करत होती. आणि चारुता हसत होती. मान मागे टाकून, तोंड उघडं टाकून, शेजारच्या मुलीच्या मांडीवर चापट्या मारत हसत होती. त्या सगळ्या पोरींत जास्त मोठ्याने तीच हसत होती.

नाटकात यापुढे असं आहे की बायको बॅग खाली ठेवते, पलंगावर बसते, नवरा चहा करून आणतो आणि पडदा पडतो. मी बॅग खाली ठेवली नाही. उचलली आणि चालू लागले. नंदू मागून म्हणाला, “अगं... अगं, चहा तरी...” मी विंगेतून आत, तिथून मागच्या दाराने बाहेर, थेट पटांगणात. मागे पडदा पडल्याचा आवाज आला आणि त्यावर टाळ्यांचा पाऊस. लोकांना वाटलं, असंच आहे नाटकात. काय सुंदर अंक संपवला!

बाहेर उन्हं कलली होती. टेम्पोच्या सावलीत मी त्या बॅगेवरच बसले. जिन्यातल्या त्या दुपारी चारुता जशी बसली होती तशी. हे माझ्या लक्षात आलं आणि मी ताडकन उठले. बॅगेला लाथ मारली.

क्रान्झ धावत आला. मला वाटलं, माफी मागायला आला. त्याचे डोळे चमकत होते.

“हाच तो शेवट!” तो ओरडला. “वीस वर्षं त्या अंकाला शेवट नव्हता! चहा खोटा होता, मला तेव्हाही माहीत होतं. ती जाते! हशा शिगेला पोचलेला असताना ती एक शब्द न बोलता जाते! ललिता, तू काय केलंस तुला कळतंय का? रोज असंच कर. मी आजच लिहून टाकतो.”

त्याने लिहिलं. दोन वर्षांनी न्यूयॉर्कला ते नाटक त्याने पुन्हा केलं, त्या शेवटासकट, आणि त्याची बुडालेली कारकीर्द वर आली. गेल्या वर्षी तो वारला तेव्हा तिकडच्या वर्तमानपत्रांनी लिहिलं की घरातल्या साध्या दुःखांवर हसायला त्याने जगाला शिकवलं. मी तो पेपर चुरगळून केराच्या डब्यात टाकला.

पण तेव्हा पटांगणात मी त्याला फक्त एवढंच म्हणाले, “मी तिसरा अंक करणार नाही.”

तेवढ्यात शिवलकर धापा टाकत आला. “बाई, हे काय? चला आत, दुसरी घंटा होईल आता.”

“मी येणार नाही. सांगा लोकांना, बाईंनी बॅग भरली आणि गेल्या. त्यांना माझ्या बॅगांची फार गंमत वाटते.”

“बाई, आठशे माणूस बसलंय आत! पैसे परत मागतील, खुर्च्या मोडतील.”

“मोडू देत.”

“उद्यापासून तुम्हाला कोणी उभं करणार नाही. मी करू देणार नाही.”

“नका करू.”

मी खरंच जाणार होते. केसातली फुलं उपटून फेकली होती, गळ्यातलं खोटं मंगळसूत्र काढून हातात घेतलं होतं. तेवढ्यात थिएटरच्या कोपऱ्यावरून आई आली आणि तिच्या पुढे चारुता, पळत. मैत्रिणी बरोबर नव्हत्या.

ती माझ्यासमोर येऊन थांबली. हसण्याने गाल अजून लाल होते. पण जवळून बघितल्यावर कळलं, ओठ थरथरत होते. मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, तर तिने तो धरून खाली केला. कोणी बघेल म्हणून.

“आई, तू आत जा,” ती म्हणाली.

“चल, आपण घरी जाऊ. मला नाही करायचं हे नाटक. त्या माणसाला मी...”

“नको ना.” तिने मागे वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. “मी खूप हसले आई. त्या सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या होत्या, मग मी सगळ्यात आधी हसले. म्हणून त्यांना वाटलं, नाटकातलंच आहे. तू आता गेलीस तर त्यांना कळेल.”

आईने तोंड फिरवलं.

“तू पण हस ना तिसऱ्या अंकात,” चारुता म्हणाली. “थोडंसं. म्हणजे झालं.”

आणि ती परत पळत गेली. मैत्रिणींना संशय यायच्या आत जागेवर जाऊन बसायला हवं होतं तिला.

मी मंगळसूत्र पुन्हा गळ्यात घातलं. हूक लागेना. आईने लावून दिला.

“काय म्हणाली ती?” क्रान्झ विचारत होता. तो इतका वेळ तिथेच उभा होता, एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर बघत. त्याचा उत्साह उतरला होता. काहीतरी मोठं घडलं एवढं त्याला हुंगता आलं होतं, पण भाषेअभावी त्याच्या हाताला लागत नव्हतं. “ललिता, मुलगी काय म्हणाली? तू रडतेस. सांग ना मला. शब्दाला शब्द सांग.”

इतके दिवस मी त्याला सगळं सांगत आले होते. रिक्षावाले काय म्हणतात, नट काय म्हणतात, दुकानाची पाटी काय म्हणते, माझ्या नवऱ्याने काय केलं होतं. हेही सांगितलं असतं तर तो कदाचित तिथेच मटकन खाली बसला असता. स्वतःच्या आईच्या आठवणीने ढसाढसा रडलाही असता. आणि रडून झाल्यावर त्याने ते वाक्य पुढच्या नाटकात घातलं असतं, योग्य जागी, योग्य तेवढं थांबून. आणि लोक हसले असते.

आत घंटा झाली.

“तिला नाटक आवडलं,” मी म्हणाले. आणि बॅग उचलून आत गेले.